हजार चेहऱ्यांच्या देवळात आई आणि लिमबाई

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आमच्या टूर लीडरने सगळ्या गटाला गोलात उभं केलं, पिवळी झेंडी काखेत धरली आणि बोलायला सुरुवात केली. तो बराच वेळ बोलला. मधे लोक हसले, एका आजोबांनी काहीतरी शंका विचारली, तिचं निरसन झालं, पुन्हा हशा पिकला. मग तो आम्हा दोघींकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "पासपोर्ट सांभाळा."

आईने मला विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.

"मग मघाशी सगळे हसले कशाला?"

ते मलाही कळलं नव्हतं. जपानमधल्या नारा आणि क्योटोची देवळं दाखवणारी, इंग्रजी बोलणाऱ्या गाईडची सहल मी ठरवली होती. तिला पुरेशी माणसं मिळाली नाहीत, तेव्हा कंपनीने आम्हाला मँडरिन बोलणाऱ्या गटात घातलं आणि 'लीडर दोन्ही भाषांत सांगेल' असा निरोप पाठवला. निरोप खोटा नव्हता. कुठल्या भाषेत किती, तेवढं कळवायचं राहिलं होतं.

या सहलीमागे माझा एक हेतू होता. बाबा गेल्यावर मी आईला पुण्याहून सिंगापूरला, आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आणलं. सकाळी मी आणि माझा नवरा संदीप एमआरटी (इथली मेट्रो) पकडून ऑफिसला जातो, मुलगी इरा शाळेत जाते. दिवसभर आई आणि भिंती. शेजारी भले आहेत, पण लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे बोलणं नाही. इराशी गप्पा मारायला जावं तर ती फोनमधून डोकं वर न काढता "आजी, आय बिझी ला" म्हणते. रविवारी लिटिल इंडियात नेलं की कढीपत्ता आणि गवार निवडताना आई खुलायची, आणि परतीच्या गाडीत पुन्हा गप्प व्हायची. नवरात्रात तिने शांतपणे सांगितलं, "मला आता पुण्याला सोड. जाण्याचं तिकीट काढ, येण्याचं नको."

"तिथे एकटी कशी राहशील?"

"इथे कुठे दुकटी आहे?"

म्हटलं, तिकिटाचं मागाहून बघू, आधी जपान पाहून येऊ. चार देवळं बघितली की तिचं मन रमेल, असा माझा हिशोब होता. संदीपला वर्षअखेरची कामं होती आणि इराने "पुन्हा देवळं?" एवढंच विचारून विषय संपवला. दिवाळी झाली आणि आम्ही दोघी निघालो.

सकाळी ओसाकाला उतरलो. बाहेर पडताच गार वाऱ्याने आईने शाल कानांवरून घेतली. बस नाऱ्याच्या दिशेने निघाली. स्वच्छ रस्ते, निळसर कौलांची घरं, आणि जवळजवळ प्रत्येक अंगणात फळांनी लगडलेलं पर्सिमॉनचं झाड (टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ). टूर लीडरने माईक हातात घेतला आणि तो थेट नारा येईपर्यंत बोलत राहिला. आमच्या वाट्याला आलं, "नारा, जुनी राजधानी."

तेव्हा मागच्या सीटवरून एक डोकं आमच्या दोघींच्या मधे आलं. पांढरे कुरळे केस, जांभळं फुगीर जाकीट, सत्तरीच्या आसपासचं वय. "तो सांगतो हरणांना बिस्किटं द्यायची, पण लपवून नाही ठेवायची. लपवली तर चावतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा ला."

या लिम आंटी. एकट्याच आल्या होत्या. त्यांचं इंग्रजी अस्सल सिंगापूरचं, वाक्य तोडून शेवटी 'ला' चिकटवणारं. त्या क्षणापासून त्यांनी आमच्या दुभाषीपणाचं काम अंगावर घेतलं, आणि हे काम त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केलं. तोदाइजी मंदिरात पंधरा माणसांएवढ्या उंच वाटणाऱ्या बुद्धासमोर लीडर तळमळून बोलत होता. लोक माना डोलावत होते. तो थांबला तशी मी आंटींकडे पाहिलं.

"जुनं देऊळ," त्या म्हणाल्या. "जळलं. परत बांधलं. परत जळलं. परत बांधलं."

मी आईला सांगितलं. आई बुद्धाकडे बघत म्हणाली, "चिकाटीची माणसं आहेत."

बाहेर हरणं खरोखरच वाकून नमस्कार करत होती. तांदळाच्या कोंड्याच्या चकत्या (शिका सेनबेई) हातात धरल्या की ती मान लववतात. आईला हे इतकं आवडलं की तिनेही प्रत्येक हरणाला हात जोडून उलट नमस्कार केला, आणि त्यामुळे चकती द्यायला उशीर झाला. एका थोराड हरणाने वाट पाहून कंटाळून शेजारी उभ्या लीडरच्या मागच्या खिशातून आमच्या सहलीचा छापील कार्यक्रम ओढला आणि दोन घासांत संपवला. लीडर धावेपर्यंत क्योटोचा शेवटचा दिवससुद्धा पोटात गेला होता. यावर काय बोलणं झालं ते समजायला मला दुभाष्या लागला नाही.

त्याच दिवशी आईला नवं नाव मिळालं. बसमध्ये चढताना मी "आई, जपून" म्हणाले ते आंटींनी ऐकलं.

"तिचं नाव आ-ई?"

"नाव नाही. आई म्हणजे आईच."

"आमच्या घरच्या हॉक्कियन बोलीत आ-ई म्हणजे मावशी," त्या म्हणाल्या आणि वळून सगळ्या बसला ते सांगून आल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला अनोळखी माणसं "आ-ई, गुड मॉर्निंग" म्हणत जाऊ लागली. आईने सगळ्यांना तोंडभरून "बसा, खाऊन घ्या" म्हटलं, जणू हॉटेल तिचंच होतं. आंटींना ती 'लिमबाई' म्हणू लागली, आणि आंटीही त्याला ओ देऊ लागल्या.

खाण्याचा प्रश्न मात्र अवघड होता. जपानी स्वयंपाकात दाशी (सुकवलेल्या माशांचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी) सगळीकडे असतं. सूप साधं दिसतं, भाजी साधी दिसते, आणि आत मासा. पहिल्या रात्री आई भात आणि घरून आणलेल्या लसणाच्या चटणीवर जेवली. आंटींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही क्योटोतल्या एका जुन्या उपाहारगृहात शिरलो, तर त्या जेवणाच्या टेबलाकडे न येता थेट स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी गेल्या. लीडरला बाहीला धरून सोबत नेलं. आतून एक पांढऱ्या टोपीचा आचारी बाहेर आला. पुष्कळ वेळ वाकणं आणि मान हलवणं चाललं. मग आमच्या तिघींसमोर एकेक मातीचं भांडं आलं, त्यात शेवाळाच्या पाण्यात उकळणारे टोफूचे शुभ्र चौकोन (युदोफू). शेजारी आलं आणि सोयाचा रस.

"तीन कशाला?" मी विचारलं. "तुम्ही तुमचं जेवा ना."

"आज पंधरा," आंटी म्हणाल्या. "चंद्राचे पंधरा दिवस. पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मी मांस-मासे नाही खात. आई शिकवून गेली, तेव्हापासून."

मी ते आईला सांगितलं. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "अगं म्हणजे आज पौर्णिमा. त्रिपुरी पौर्णिमा. मी सकाळपासून तेच म्हणतेय, आज दिवे लावायचे असतात." मग आंटींकडे वळून तिने बोटांवर मोजून दाखवलं, पंधरापर्यंत. आंटींनीही मोजून दाखवलं. दोघींची तिथी जुळली. पुढचं जेवण दोघींनी मोठ्या समाधानाने केलं, आणि माझ्या वाटणीचा टोफूही संपवला.

जेवणानंतर फुशिमी इनारी. तांदळाच्या देवाचं हे स्थान आहे. डोंगरावर वरपर्यंत केशरी कमानी (तोरी) एकीला एक लागून उभ्या आहेत, इतक्या दाट की ऊनही पट्ट्यापट्ट्यांनी आत येतं. प्रत्येक कमानीवर काळी अक्षरं. ती देणगीदारांची नावं, हे समजल्यावर आई म्हणाली, "आपल्याकडे फरशीवर कोरतात. इथे कोणी पाय तरी देत नाही." जागोजागी गळ्यात लाल फडकं बांधलेले दगडी कोल्हे बसले होते, कुणाच्या तोंडात किल्ली, कुणाच्या तोंडात भाताची लोंबी.

थोडं चढल्यावर आंटींचा गुडघा बोलू लागला. आईचा आधीपासूनच बोलत होता. दोघींना एका बाकावर बसवून मी गटाबरोबर वर गेले. शहर दिसेल एवढ्या उंचीवरून खाली आले, तेव्हा त्या दोघी अगदी रंगात येऊन बोलत होत्या. आई मराठीत, आंटी हॉक्कियनमध्ये. इंग्रजीचा एक शब्द नव्हता.

मी आईला बाजूला घेतलं. "काय चाललंय?"

"गप्पा. त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले. जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. मुलगा एकच, ऑस्ट्रेलियात. घर तुमच्या बाजूलाच कुठेतरी आहे."

"तुला कसं कळलं?"

"त्यांनी सांगितलं."

"कुठल्या भाषेत?"

"ते मी नाही बघितलं," ती म्हणाली.

बसमध्ये मी हळूच आंटींना विचारून खात्री केली. सगळं बरोबर होतं. घर सेम्बावांगला, आमच्यापासून एमआरटीचं दुसरं स्टेशन. फक्त आईने एक भर घातली होती, मुलाला दोन मुली आहेत अशी. मुली नव्हत्या, मांजरं होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही सांजूसांगेनदो पाहिलं. बाहेरून लांबलचक, बैठं लाकडी देऊळ. बूट काढून आत गेलो तर पायांखाली थंडगार फळ्या, उदबत्तीचा वास, आणि समोर अंधुक उजेडात माणसाएवढ्या सोनेरी मूर्ती, पायऱ्यांवर उभ्या केल्यासारख्या, रांगेमागे रांग. ही कान्नोन, आपल्याकडच्या अवलोकितेश्वराचं जपानी रूप. मधे एक मोठी बसलेली मूर्ती आणि दोन्ही बाजूंना मिळून हजार उभ्या. पुढच्या ओळीत रक्षक देवता होत्या. तिथे चोच आणि पंख असलेली एक मूर्ती बासरी वाजवताना दिसली आणि आई थबकली. "हा गरुड," ती म्हणाली. पाटीवर खरोखरच तसं लिहिलेलं होतं. "आणि बासरी याच्याकडे कशी? बहुतेक सांभाळायला दिली असेल."

लीडर दबक्या आवाजात बोलत होता. आजपर्यंतच्या कुठल्याही देवळापेक्षा हे बोलणं लोकांना वेगळं लागलेलं दिसलं. कोणी हसलं नाही. तो थांबल्यावर माणसं पांगली आणि एकेकटी मूर्तींसमोरून हळूहळू चालू लागली.

"काय म्हणाला?" मी आंटींना विचारलं.

"हजार एक," त्या म्हणाल्या. "सगळ्या सारख्या. फोटो काढायचा नाही." आणि आमच्याकडे न बघता पुढे गेल्या.

आई रांगेसमोरून चालत होती. थोड्या वेळाने तिने माझं मनगट धरलं. "ही बघ. अगदी कुलकर्णीबाई. तशीच हनुवटी." पुढे आणखी एक. "आणि ही आपली वसूमावशी, जावेशी बोलणं सोडलं होतं तेव्हाची." तिला हसू आवरेना. मलाही. खरंच, प्रत्येक चेहरा थोडा वेगळा होता, आणि एकदा ते दिसलं की सगळा हॉल ओळखीच्या माणसांनी भरल्यासारखा वाटत होता.

आमचं हसणं ऐकून आंटी परत आल्या. "आ-ई काय म्हणते?"

"तिला या मूर्तींमध्ये ओळखीचे चेहरे दिसतायत," मी म्हटलं.

आंटी आईकडे बघत राहिल्या. "तिला कोणी सांगितलं? मी तर हे तुम्हाला सांगितलंच नाही."

"काय सांगितलं नाही?"

"लीडर म्हणाला, इथल्या लोकांची श्रद्धा आहे. जे गेले, ज्यांना आपल्याला बघायचंय, त्यांचा चेहरा या हजारांत असतोच." त्यांनी आवाज खाली आणला. "मी विचार केला, आ-ईचा नवरा आत्ताच गेला. हे ऐकून ती रडली तर? सहलीला आली आहे ना ला."

मग माझ्या लक्षात आलं की त्या मघापासून एकट्या पुढे का गेल्या होत्या. मी आईला सगळं सांगितलं. आईने पदराने चष्मा पुसला आणि एकच विचारलं, "यांचे मिस्टर सापडले का?"

सापडले नव्हते. आईने फोटो मागितला. आंटींनी फोन काढताच कोपऱ्यातला रखवालदार पुढे आला. फोटो काढायचा नाही, बघायचा आहे, हे त्यांनी खुणेने दाखवलं. त्याने पडद्यावरचा चेहरा पाहिला, कंबरेतून वाकला आणि मागे सरला. आईनेही नीट पाहून घेतलं. रुंद नाक, मोठे कान, कपाळावर आठी. मग दोघी एका टोकापासून निघाल्या.

निघायची वेळ झाली. लीडर झेंडी घेऊन आला, पुढच्या देवळाची वेळ ठरलेली आहे म्हणाला. मी आईला सांगितलं. "त्याला सांग, पुढचं देऊळ नाही बघितलं तरी चालेल," ती म्हणाली, "मी लिमबाईंना अर्ध्यात सोडून येत नाही." लीडरला हे इंग्रजीत सांगताना मी जरा मऊ केलं. तो बाहेर गेला. मला वाटलं, आता बस निघाली. पण तो परत आला तो पाचसहा जणांना घेऊन. त्यांनी फोटो पाहिला आणि तेही रांगांकडे डोळे बारीक करून बघू लागले. कुणी नाक बघत होतं, कुणी कान.

आईलाच सापडले. उजव्या बाजूला, दुसऱ्या ओळीत. "हे काय," ती म्हणाली. "जरा वैतागलेले दिसतायत, पण तेच."

आंटी मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. मग आपल्या भाषेत हळू आवाजात दोनचार वाक्यं बोलल्या, नेहमीच्या घरगुती सुरात, आणि हसल्या. डोळे पुसत मला म्हणाल्या, "मी फार खरेदी केली की अस्साच बघायचा." मागे उभी माणसं हात जोडून होती. लीडरने झेंडी खाली घेतली होती.

बाहेर येऊन बूट घालताना आंटींनी विचारलं, "आ-ईला तिचा नवरा दिसला का? आपण तिच्यासाठी नाही शोधलं."

मी आईला विचारलं, जरा घाबरतच.

"त्यांना कुठे शोधतेस?" आई म्हणाली. "पाटबंधारे खात्यात जन्मभर बदल्या. एका जागी इतका वेळ उभं राहणं जमलंय का त्यांना कधी? ते पुढच्या देवळात गेलेसुद्धा असतील." आणि ती माझ्याआधी बसकडे चालू लागली. बाबांबद्दल ती अशी हसत बोलली, ते कितीतरी महिन्यांनी.

पुढचं देऊळ म्हणजे कियोमिझू, डोंगरकड्यावर लाकडी खांबांवर उचललेला सज्जा. खाली मेपलची झाडं लाल होऊ लागली होती. तिथे पाण्याच्या तीन धारा पडतात, विद्येची, प्रेमाची आणि दीर्घायुष्याची. लांब दांड्याच्या पळीने एकच धार प्यायची, तिन्ही प्यायल्या तर हावरटपणा होतो. आई आणि आंटी दीर्घायुष्य सोडून विद्येच्या रांगेत उभ्या राहिल्या. का म्हणून विचारलं तर आई म्हणाली, "थोडी त्यांची भाषा यायला नको?"

चांगीला परतलो तेव्हा दमट हवेने चष्म्यावर धुकं धरलं. वुडलँड्स आणि सेम्बावांग एकाच दिशेला, म्हणून तिघींनी एकच टॅक्सी केली. त्यानंतरच्या आठवड्यात मी एकदा ऑफिसातून घरी फोन केला तर उचलला जाईना. धाबं दणाणलं. संध्याकाळी आई किल्लीने दार उघडून आत आली, हातात टोफूची पिशवी. एमआरटीने एकटी सेम्बावांगला जाऊन आली होती. "चुकले होते," ती म्हणाली, "पण एका मुलीने परत योग्य गाडीत बसवलं. तीही मला मावशीच म्हणाली."

मी चार देवळं दाखवली की आई रमेल असं समजत होते. देवळं तिने पाहिली, तिला आवडली, पण घरी आल्यावर ती बोलते ती आंटींनी गाळलेल्या वाक्यांबद्दल, आचाऱ्याच्या टोपीबद्दल, त्या रखवालदाराबद्दल. तिला बघायला नवी जागा कमी पडत नव्हती. बघितलेलं ज्याला सांगावं असं तिच्या वयाचं माणूस कमी पडत होतं, आणि ते मी कितीही लवकर घरी आले तरी भरून निघणारं नव्हतं.

पुण्याचा हट्ट तिने सोडला नाही. परवा लिम आंटी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, पोळी लाटायचा प्रयत्न करत होत्या, तेव्हा आईने जाहीर केलं, "पुण्याचं तिकीट काढ. दोघींचं. जाण्यायेण्याचं, एका आठवड्याचं. लिमबाईंना देवळं दाखवायची आहेत. मी सांगेन, आणि सगळं सांगेन, यांच्यासारखं अर्धं गाळून नाही."

आंटींनी पीठ लागलेल्या हाताने फोन उचलला. पलीकडे ऑस्ट्रेलियाहून मुलगा होता, आई पुन्हा कुठल्या टूरने चालली आहे ते विचारत होता. आंटींनी मला विचारलं, "याला काय सांगू? काय म्हणतात अशा जाण्याला?"

"माहेरपणाला चालल्येय म्हणावं," आई गॅसपासून म्हणाली.

या शब्दाला इंग्रजी नाही. मी जमेल तसं सांगितलं. आपल्या माणसाच्या घरी जायचं. तिथे कोणी कामाला हात लावू देत नाही, उठवत नाही, आवडीचं करून घालतं, आणि निघताना ओटी भरून पाठवतं.

आंटींनी लाटणं खाली ठेवलं. "असं असतं तर आठवडा कशाला?" त्या म्हणाल्या. "महिन्याचं तिकीट काढ ला."